बाईंची आडवी पृथ्वी

सन दोन हजार अठरा. माझं वय तेव्हा अडुसष्ट, आधार कार्डावर पासष्ट. आमच्या गावच्या शाळेत मागच्या खोलीला गिलावा करत होतो आणि पाठीमागून आवाज आला, "मिस्त्री, ही भिंत सरळ आहे?"

परांचीवरून वळून बघितलं. चष्मा दोरीनं गळ्यात लोंबतोय, पदर खोचलेला, बोटांना खडू. नव्यानं बदलून आलेल्या बाई. पालमपासून परभणीपर्यंत माझ्या भिंतीला असा सवाल कुणी केला नव्हता. मी म्हणालो, "बाई, तुमी शिकवायचं बघा. भिंतीचं आमी बघतो."

बाईंनी कमरेवर हात ठेवला. आधी भिंतीकडं बघितलं, मग स्वतःच्या पायाशी पडलेल्या सावलीकडं, आणि म्हणाल्या, "आधी बघू, मग भांडू."

ही त्यांची सवयच. काहीही विचारा, पहिली नजर स्वतःच्या सावलीवर. आणि कुणी आवाज चढवला की हेच, आधी बघू, मग भांडू. बाईंचं नाव मी लिहीत नाही. लिहू का असं त्यांना विचारलं नाही, आणि आता विचारायची सोय राहिली नाही. आमची जी काही ओळख झाली, ती पृथ्वीच्या एका गोळ्यावरून. तो सरळ असावा का आडवा, एवढ्यावरून. तेवढंच सांगतो.

मी तिसरी शिकलेला. पुढं बापानं हातात थापी दिली. पण थापी धरल्यापासून माझी एक भिंत वाकडी गेली नाही, हे छाती ठोकून सांगतो. ज्याला खोटं वाटतं त्यानं ओळंबा घेऊन यावं. ओळंबा म्हणजे दोरीला बांधलेलं लोखंडी वजन. सोडलं की सरळ खाली लोंबतं, आणि भिंत खरी का खोटी ते तोंडावर सांगतं.

तर बाईंनी माझा ओळंबा मागून घेतला आणि भिंतीला लावला. भिंत सरळच होती. मी मिशीत हसलो.

"मिस्त्री, हा कुठं दाखवायलाय?"

"खाली."

"खाली म्हणजे कुठं?"

"खाली म्हंजी खाली. जमिनीत."

"किती आत?"

"बाई, गिलाव्याचा माल वाळायलाय माझा."

"पृथ्वीच्या पोटात, अगदी मधोमध," बाई म्हणाल्या. "तुमचा ओळंबा तिकडं बघतो. झरीच्या गवंड्याचा तिकडंच बघतो. अमेरिकेतल्या गवंड्याचा पण तिकडंच."

"म्हंजी तो उलटा लोंबकळून काम करायलाय?"

"तो तिथं म्हणत असेल, पालमकडचे मिस्त्री उलटे लोंबकळायलेत."

खिडकीत पोरं जमली होती, ती खदखदून हसली. इथवर ठीक होतं. पण बाईंनी खोलीच्या दोन भिंतींकडं बोट केलं. "आता ही एक आणि ती समोरची. दोन्ही ओळंब्यात. दोन्ही पृथ्वीच्या पोटाकडं बघायल्यात. म्हणजे वर जाता जाता त्या एकमेकींपासून फाकतात. केसाहून बारीक, डोळ्याला दिसायचं नाही. पण फाकतात."

माझी भिंत फाकते! मी थापी बादलीत टाकली आणि घरी गेलो. दुसऱ्या दिवशी कामावर आलो, पण बाईंशी बोलणं बंद. त्यात बाईंनी खोली भाड्यानं घेतलेली आमच्याच गल्लीत, माझ्या दारासमोर. आमची गल्ली अशी की दोन्हीकडच्या माणसांनी हात लांबवला तर चहाचा कप पोचवता येईल. तिथं न बोलता राहायचं म्हणजे लय अवघड. त्या दारात सडा टाकायच्या, मी आभाळाकडं बघायचो. एक दिवस त्याच म्हणाल्या, "आभाळ बघायलात मिस्त्री? त्यासाठी वर कशाला बघता? आपण आभाळातच आहोत. आभाळातला सगळ्यात जवळचा गोळा तुमच्या पायाखाली आहे." मला हसू आलं. तिथं अबोला मोडला. मी मोडला नाही, त्यांनी मोडला, हे ध्यानात ठेवा.

तुम्ही बाईंचा वर्ग बघायला पाहिजे होता. वर्ग कसला, नुसतं अंगण. पोरांना उन्हात काढायच्या आणि सावलीशी खेळायला लावायच्या. सकाळी ज्याची त्याची सावली खडूनं काढायची, जेवणाच्या सुट्टीत पुन्हा त्याच जागी उभं राहायचं. सावली सरकलेली असायची. "सूर्य सरकला," पोरं म्हणायची. "आधी बघू, मग भांडू," बाई म्हणायच्या, आणि एका पोराला सूर्य करून मधे उभं करायच्या. बाकीच्यांनी जागच्या जागी गरगर फिरायचं. "आता सांगा, कोण सरकलं?" पोरं चक्कर येऊन पडायची आणि पडल्या पडल्या ओरडायची, "आमी!"

एक आई भांडायला आली. "बाई, पोरगी उन्हानं काळी पडायली. लग्न कोण करंल तिच्याशी?" बाई म्हणाल्या, "अहो, सूर्यावरून निघालेलं ऊन तुमच्या अंगणात पोचायला एक चहा उकळायला लागतो तेवढा वेळ लागतो. इतक्या लांबून पाहुणा आला, आणि त्याला दारातून परत लावायचं?" ती आई चहा पिऊन गेली.

मग एक दिवस मला बोलावणं आलं. शाळेच्या अंगणात पृथ्वीचा गोळा करायचा, सिमेंटचा, माणसाच्या कवेत मावणार नाही एवढा. असलं काम तालुक्यात कुणी केलं नव्हतं. मी लगेच हो म्हणालो. सळ्यांचा पिंजरा वळला, त्यावर जाळी ताणली, मधून आरपार लोखंडी गज घातला. अर्ध्या गोलाचा लाकडी फर्मा करून गोळ्याभोवती फिरवत फिरवत गिलावा ओढला. कुठं हात फिरवा, खडा लागायचा नाही. पेंटरनं निळा रंग देऊन देश काढले. भारत त्यानं जरा मोठाच काढला. बाईंनी खरवडायला लावला. पेंटर म्हणाला, "बाई, आपलाच हाय की, राहू द्या मोठा." बाई म्हणाल्या, "आपला आहे म्हणूनच मापात पाहिजे."

आता गोळा खांबावर बसवायचा. मी गज उभा धरला, वर उत्तर ध्रुव, खाली दक्षिण. बाई आल्या, सावलीकडं बघितलं. "असा नाही. गज आडवा पाडा. उत्तरेकडचं टोक दक्षिणेकडच्यापेक्षा थोडंसंच वर. आपलं पालम सगळ्यात वर यायला पाहिजे."

"बाई, हेडसरांच्या टेबलावरचा गोळा बघा. जरा कललेला हाय, पण ध्रुव वरच हाय. तुमचा तर पार लोळायलाय."

"तो टेबलासाठी आहे. हा उन्हासाठी आहे."

"लोक म्हणतील मिस्त्रीचं काम पडलं."

"म्हणू द्या."

"तुमाला म्हणणार न्हाईत. मला म्हणतील."

मी हत्यारं उचलली. असला आडवातिडवा खांब माझ्या नावावर नको. संध्याकाळी बाई माझ्या दारात आल्या. आत बोलावलं तरी उंबऱ्यावरच उभ्या राहिल्या.

"मिस्त्री, तुम्ही उभे राहिलात की डोकं कुठं असतं?"

"वर."

"आणि उभा गोळा केला तर त्यावर आपलं गाव येतं कुठं?"

मी मनात गोळा उभा केला. "कडंला."

"मग त्या गावातला मिस्त्री भिंतीतल्या खुंटीसारखा आडवा. तुम्ही आडवे आहात?"

मी भिंतीतल्या खुंटीकडं बघितलं.

"जो जिथं उभा, तिथं त्याच्यासाठी पृथ्वीचा माथा. सगळ्यांना असंच वाटतं, आणि सगळ्यांचं खरं असतं. गोळा तसा ठेवला, की खऱ्या पृथ्वीवर जिथं ऊन आहे तिथंच गोळ्यावर ऊन पडतं. कुठं दिवस, कुठं रात्र, अंगणात उभं राहून कळतं. सरळ केला, की तो खोटं बोलायला लागतो."

मी चुकलो असं मी आजही म्हणत नाही. काम सांगणाऱ्याचं ऐकलं, एवढंच. बाईंनी पोरांकडून अंगणात एक काठी रोवून घेतली, भर दुपारी तिची सावली सगळ्यात आखूड झाली तिथं रेघ मारली. ती उत्तर-दक्षिण. त्या रेघेवर मी गज आडवा बसवला. खांब खालून लावला तो नेमका समुद्रात. आपल्या पायाखाली पार पलीकडच्या अंगाला नुसतं पाणी आहे म्हणे. तेवढं बरं झालं, माझ्या खांबाखाली कुणाचं घर गेलं नाही.

पहिल्या दिवशी सगळी शाळा गोळ्याभोवती. अर्ध्या गोळ्यावर ऊन, अर्ध्यावर सावली, आणि मधली रेघ आमच्या डोळ्यांसमोर हळूहळू सरकत होती. ती रेघ जिथं होती तिथं त्या घटकेला कुणाची तरी सकाळ होत होती, कुणाकडं तरी सांजेचं कडुसं पडत होतं. मी पाण्याचा तांब्या हातात धरून उभा होतो, प्यायचं विसरलो.

एका पोरीनं विचारलं, "बाई, माझी आई कुठंय?" तिचे आईबाप ऊस तोडायला कोल्हापूरकडं गेलेले. बाईंनी बोटाचं टोक टेकवलं. "इथं."

"आन मी?"

"तू पण इथंच. ह्याच बोटाखाली. गोळ्यावर कोल्हापूर आणि आपलं गाव एका ठिपक्यात मावतं."

पोरीनं बोटाशी नाक नेऊन बघितलं. "मंग ती दिसत का न्हाई?"

बाईंनी तिचं बोट धरून त्याच ठिपक्यावर ठेवलं. माझा पोरगा पुण्याला असतो. तोही त्याच ठिपक्यात. त्याला येऊन किती सण झाले ते मी सांगत बसत नाही.

बाई स्वतः मात्र गोळ्याकडं सकाळी यायच्या, शाळा भरायच्या आधी. उन्हाळ्याचे दिवस होते. उत्तरेच्या बाजूला जायच्या आणि पार वाकून गोळ्याच्या पोटाखाली बघायच्या. एकदा मी फाटकातून विचारलं, "काय हरवलं बाई?"

"लेक," त्या म्हणाल्या.

मला वाटलं चेष्टा. जवळ गेलो. गोळ्याच्या खालच्या अंगाला अमेरिका होती, तिच्या पलीकडच्या समुद्रकाठी खडूची बारीक खूण. सकाळचं तिरपं ऊन नेमकं तिथवर पोचलं होतं.

"तिच्याकडं आता संध्याकाळ आहे. ऊन आहे अजून. थोड्या वेळानं जाईल."

"फोन येतो का तिचा?"

"तिनं तिच्या मनानं लग्न केलं. मी नको ते बोलले. तेव्हापासून ती बोलत नाही, मी बोलत नाही."

"मग लावा की तुमीच."

"ऊन आहे एवढं दिसलं, बास आहे. थंडीत तेही नाही. थंडीत आमच्या दोघींवर एका वेळी ऊन पडतच नाही. इकडं उगवायच्या आत तिकडं मावळतं."

मला राग आला. "अख्ख्या गावाला पृथ्वी समजावता बाई, आन पोटच्या पोरीला एक फोन लावता येत न्हाई?"

बाईंनी सावलीकडं बघितलं. "तुमचा पोरगा तर पुण्यात आहे मिस्त्री. तुम्ही कधी लावला?"

मी हत्यारं धुवायला हौदावर गेलो. ती आधीच धुतलेली होती.

बाई निवृत्त झाल्या, तरी खोली सोडली नाही. परभणीत भावाचं घर होतं, पण म्हणायच्या, "तिथं गच्चीवर टाक्याच टाक्या, सावली कुठं पाडू?" शाळेत आता त्यांना काम नव्हतं. तरी सकाळी गोळ्याजवळ दिसायच्या. गावातल्या बायकांत त्यांचं मन रमत नसे, बायकांचं त्यांच्यात रमत नसे. संध्याकाळी आम्ही आपापल्या दारात बसायचो, मधे गल्ली. कधी बोलायचो, कधी नाही. माझी मालकीण जाऊन बराच काळ झाला होता. समोर कुणी तरी बसलेलं आहे, एवढं पुरायचं.

मग एक दिवस लेकीचा फोन आला. तिला मूल होणार होतं. बाईंनी गल्लीत उभं राहून फोन घेतला. नुसतं "हो, हो" म्हणत होत्या, आणि खाली सावलीकडं बघायचं विसरल्या होत्या. महिन्या-दोन महिन्यांत निघाल्या. पालमच्या एसटी स्टँडवर त्यांची बॅग मीच चढवली. तोवर गोळ्यावरून आम्ही इतकं भांडलो होतो की निरोपाला काही उरलं नव्हतं.

"मिस्त्री, गोळा धुवत जा. पाखरं घाण करतात."

"बघतो."

"तिकडं गेल्यावर मी वर आणि तुम्ही खाली."

"ते तुमी समजा. मी इथं वरच हाय."

बाई हसल्या, खिडकीची काच ओढली, आणि गाडी निघाली. समोरच्या खोलीत पुढं कुणी राहायला आलं नाही. मालकानं तिथं सोयाबीनची पोती भरली.

मी गोळा धुवत राहिलो. उन्हाळ्यात सकाळी बादली घेऊन जायचो. शाळेचे जुने सर मला ओळखत, कुणी काही म्हणत नसे. वरून धुतला की उत्तरेला जाऊन वाकायचो. गुडघे कुरकुर करायचे. खडूची खूण कधीच पुसली गेली होती, पण जागा मला पाठ होती. तिथं ऊन असायचं. बाईंची संध्याकाळ अजून सरली नाही, म्हणजे त्या बाहेर असतील, नातवाला उन्हात उभं करून त्याची सावली दाखवत असतील. असं काहीबाही. मग मी घरी येऊन भाकरी टाकायचो. पहिली पहिली वर्षं बाईंचा फोन यायचा, मग दिवाळीलाच, मग तोही नाही. मी लावला तर कुणी बाई इंग्रजीत बोलते आणि कट होतो. आहेत, नाहीत, मला माहीत नाही. परभणीच्या भावानं घर विकलं म्हणतात. मला विचारायला दुसरी जागा नाही. त्या गोळ्यावर ऊन पडलेलं बघायचं, एवढीच खबर.

यंदा मे महिन्याच्या झेंडावंदनासाठी शाळा रंगवायला काढली. पालमचे पाहुणे येणार होते. मला हिवताप आला होता, आठवडाभर गेलो नव्हतो. बरा होऊन सकाळी गेलो तर गोळा सरळ उभा. खांबाच्या मानेला नवा सिमेंटचा गळपट्टा, वर ध्रुव, कडंला आमचं गाव, भिंतीतल्या खुंटीसारखं. फिरून अमेरिका शोधली. जिथं ऊन पाहिजे तिथं काळोख होता.

नवे हेडसर तरुण आहेत, माणूस चांगला. मला खुर्ची दिली.

"आजोबा, गोळा वादळात कलला होता. नीट करून घेतला. छान झाला ना?"

"कलला नव्हता सर. मी तसा बसवला होता."

"वाकडा? कशासाठी?"

मी तोंड उघडलं. मनात सगळं होतं. ऊन, रेघ, खुंटी, माथा. पण बाईंच्या तोंडी जे मोकळं वाटायचं ते माझ्या तोंडात मालासारखं घट्ट झालं. "उन्हासाठी," एवढंच म्हणालो.

"ऊन तर आताही पडतं की."

"पडतं. पण खोटं पडतं."

सरपंचांचा भाऊ तिथंच बसला होता. तो म्हणाला, "मिस्त्री, जन्मभर सरळ सरळ म्हणून आमचं डोकं खाल्लं, आन आता म्हातारपणी सरळ केलेलं बघवना व्हय?"

सगळे हसले. हेडसर हसले नाहीत. म्हणाले, "आजोबा, कुणाला विचारलं तर कळेल, सांगा. मी विचारतो."

"बाईंला."

"कुठं असतात त्या?"

मी बोटानं खाली जमिनीकडं दाखवलं. सर वाकून टेबलाखाली बघू लागले.

"अमेरिकेत," मी म्हणालो.

"नंबर आहे?"

"लागत न्हाई."

सरांनी मान हलवली. म्हणाले, "आता पाहुणे येऊन जाऊ द्या. शाळा सुरू झाली की बघू." खोटं बोलत नव्हते. पण तोवर सिमेंट दगड होणार, हे त्यांना कुठून ठाऊक असणार. शाळा सुरू होईस्तोवर पाऊस येणार, ढग येणार, सकाळचं ऊनच राहणार नाही. मी उठलो. संध्याकाळी दारात बसलो. समोर पोती होती.

दुसऱ्या दिवशी झुंजूमुंजू व्हायच्या वेळी छिन्नी, हातोडा आणि पहार घेऊन शाळेवर गेलो. फाटकाला कुलूप होतं. मग भिंतीवरून चढायचं ठरवलं. ती भिंत माझ्याच हातची, इतकी साफ की पाय रोवायला कुठं खोबण नाही. त्या वेळी तिला पहिल्यांदा शिवी दिली. गुडघा सोलला, धोतर फाटलं, पण पलीकडं उतरलो, आणि दिवस वर यायच्या आत खांबाच्या मानेवरल्या ओल्या सिमेंटवर पहिला घाव घातला.